काकूंचा कोंबडा

आमच्या सासूबाईंना आम्ही सगळ्या सुना आत्याच म्हणतो. आत्यांनी उभा जन्म कोंबड्या रवणीला बसवल्या. कुठली कोंबडी खुडूक झाली ते बघायचं, पाटीत राख आणि भुसकट घालायचं, बारा-तेरा अंडी मांडायची, वळवाच्या गडगडाटानं ती बिघडू नयेत म्हणून मधोमध लोखंडाचा तुकडा ठेवायचा आणि एकवीस दिवस त्या कोपऱ्याकडं कुणाला फिरकू द्यायचं नाही. २०१७च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा घरी मशीनवर अंडी उबवली, तेव्हा यातलं काहीच मला लागणार नाही असं मी धरून चालले होते.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याजवळ. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आहे, पण उसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो. रोजचं मीठमिरची दुधावर आणि कोंबड्यांवर चालतं. गिरिराज आणि वनराजची पिलं आणून वाढवली होती. त्या जातींच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण गावरानसारख्या खुडूक बसत नाहीत. म्हणजे पिलं हवी असतील तर दर वेळी विकत आणायची. म्हणून मुलानं बारामतीहून थर्मोस्टॅट, होल्डर आणि बल्ब आणले आणि थर्मोकोलच्या खोक्यात मशीन बसवलं. पंखा मीच नको म्हटलं. तेवढेच चार पैसे वाचतील असा हिशेब होता.

साठ अंडी ठेवली. चोवीस माझी, वीस मागच्या वस्तीवरल्या वहिनींची आणि सोळा शेजारच्या काकूंची. आमच्याकडं खुडूक कोंबडी दुसऱ्याला वाट्यानं देतात, निघालेली पिलं निम्मी-निम्मी. तोच व्यवहार मी मशीनचा केला. अंडी त्यांची, ऊब माझी, पिलं निम्मी. काकूंनी आठवडाभर एकही अंडं विकलं नव्हतं, नातवाला खायलाही दिलं नव्हतं.

पहिली चूक मशीन सुरू होण्याआधीच झाली. खोका तयार व्हायला उशीर लागला आणि काकूंची अंडी माझ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर दहा दिवस पडून राहिली. मे महिना होता. उबवणीची अंडी सात दिवसांच्या आत मशीनमध्ये जावीत आणि तोवर गारव्याला असावीत. साधारण २१ अंशांच्या वर गेलं की आतला जीव हलायला लागतो. माझ्या फळीवर त्याला वाढण्याइतकी ऊब नव्हती आणि निजून राहण्याइतका गारवाही नव्हता. आत्या अंडी जोंधळ्याच्या टोपलीत, अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या. मी ते रोज पाहत होते, पण का असं कधी विचारलं नव्हतं. शिवाय चार-पाच अंडी मळकी दिसली म्हणून मी पाण्यानं धुतली. कवचावर जी नैसर्गिक साय असते, जंतूंना बाहेर थोपवते, ती मी स्वच्छतेच्या नावाखाली पुसून टाकली.

थर्मोस्टॅटवर ३७.५ लावलं. तो आकडा पंख्याच्या मशीनचा. बिनपंख्याच्या खोक्यात हवा फिरत नाही, वर गरम आणि खाली थंड असे थर राहतात. तिथं अंड्याच्या माथ्याजवळ मोजून सुमारे एक अंश जास्त लागतं. त्यात आमची उष्णता मोजणारी तार बल्बच्या शेजारी लोंबत होती. तिला ऊब लागायची, बल्ब बंद व्हायचा आणि पलीकडच्या कडेची अंडी निवत राहायची. चौथ्या दिवशी आत्यांनी त्या कडेचं एक अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावलं. म्हणाल्या, "गार हाय गं हे." मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी अंडं जागेवर ठेवलं आणि पुन्हा काही बोलल्या नाहीत. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत, आणि तिथले लोक ऊब अशीच पापणीला अंडं लावून ओळखत, हे मी फार नंतर वाचलं. त्या दिवशी घरात खरं मोजमाप एकच होतं, आणि ते मी गप्प केलं.

लाईट दोनदा गेली. दोन्ही रात्री मी खोक्याला गोधडी गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून जागी राहिले. खरं तर तास-दोन तासांच्या गारठ्यानं अंडी एवढी बिघडत नाहीत. माझी सगळी काळजी तिथं खर्च झाली, जिथं तिची फारशी गरज नव्हती.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडी बघितली. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, त्या बघून मी हरखून गेले. सतरा अंडी काढून टाकावी लागली. त्यातली अकरा काकूंची होती. त्या अकरांतल्या नऊ अंड्यांत एक बारीक लाल कडं दिसत होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता.

एकविसाव्या दिवशी पहाटे आतून चिवचिव ऐकू आली. चार अंड्यांना टोच पडली होती. दुपारपर्यंत एकच पिलू बाहेर आलं. उशिराचं कारण माझ्याच तारेत होतं, अंडी कमी उबेत वाढली होती म्हणून मागं पडली होती. मला मात्र वाटलं, पिलं अशक्त आहेत, त्यांना बाहेर पडता येत नाही. दर अर्ध्या तासाला मी झाकण उघडत होते. शेवटच्या तीन दिवसांत आत ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो आणि बाहेर आमच्याकडची मे महिन्याची कोरडी झळ. प्रत्येक वेळी ओलावा निघून जायचा. कवचाच्या आतलं पांढरं पातळ कातडं वाळून पिलांना चिकटत गेलं.

संध्याकाळी मी नखानं कवच सोलायला घेतलं. आत्या दारात उभ्या होत्या. "हात काढ तिथनं. येणारं येईल," एवढंच म्हणाल्या. मी ऐकलं नाही. पहिल्याच पिलाला सोलताना बोटाला रक्त लागलं. टोच पडल्यापासून बाहेर यायला पिलाला बारा ते चोवीस तास लागतात. त्या वेळात ते त्या कातड्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. बाहेरून ते थकून पडल्यासारखं दिसतं, पण आत त्याचं काम चालू असतं. रक्त बघून मी थांबायला हवं होतं. मी घाई वाढवली. नऊ पिलं सोलली. काहींच्या बेंबीशी बलकाची पिवळी पिशवी तशीच लोंबत होती. रात्रभर मी त्यांना कापसात घेऊन बसले. त्यातली सात सकाळपर्यंत गेली.

आपापली चौदा बाहेर आली, तेविसाव्या दिवसापर्यंत. वाचलेली दोन धरून सोळा. वीस अंडी फुटलीच नाहीत. सोळांत काकूंच्या अंड्याचं एकही पिलू नव्हतं. अंड्यांवर पेन्सिलीनं खुणा होत्या, त्यामुळं शंकेला जागा नव्हती.

काकू दुसऱ्या दिवशी रिकामी पाटी घेऊन आल्या. मी त्यांना म्हणाले, "काकू, तुमच्या अंड्यांत जीवच धरला नव्हता. कोंबड्यातच दोष दिसतोय." खोटं बोलतेय असं वाटून मी बोलले नव्हते. पण मला खात्रीही नव्हती, आणि जे बोलले ते माझ्या सोयीचं होतं. चुलीवरच्या फळीबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. काकूंनी त्यांचा तो तांबडा, उंच मानेचा कोंबडा त्याच आठवड्यात बाजारात दिला.

पुढच्या वर्षी शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणाला बसले. तिथं शिकवणाऱ्यांनी अंड्याचं एक चित्र दाखवलं. आत बारीक लाल कडं. म्हणाले, याचा अर्थ अंडं फळलं होतं, गर्भ धरला होता, पहिल्या काही दिवसांत मेला. ठेवणीतली उष्णता हे त्याचं एक नेहमीचं कारण. मी वहीत काही लिहिलं नाही. नऊ अंडी डोळ्यांसमोर होती. काकूंच्या कोंबड्यानं त्याचं काम चोख केलं होतं.

सांगायला मला आणखी दीड वर्ष लागलं. तोवर मशीनला पंखा बसला होता, तार अंड्यांच्या माथ्याशी आली होती, अठराव्या दिवसानंतर खोक्याला कुणी हात लावत नव्हतं, आणि आत्या रोज एक अंडं पापणीला लावून मला सांगत होत्या. माझ्या कळपातला एक चांगला तांबडा कोंबडा डालग्यात घालून मी काकूंकडं गेले आणि सगळं सांगितलं. फळी, चूल, दहा दिवस, लाल कडं.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी कोंबड्याला उचललं, छातीचं हाड चाचपलं आणि पायाला सुतळी बांधून तो लिंबाच्या बुंध्याला अडकवला.

"तेव्हाच बोलली असतीस तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग घरात जात म्हणाल्या, "आता अंडी मी जोंधळ्यात ठेवीन. आठ दिसाच्या आत येऊन ने."