हौसेची कार्यशाळा आणि रेखाटनाची मालकी

सुट्टीच्या दिवशी गॅलरीत, गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली प्लायवूड, सागाच्या पट्ट्या, अ‍ॅल्युमिनियम किंवा एमएस पाइप घेऊन काहीतरी घडवणारी माणसं गावोगावी आहेत. कुणी पुस्तकांचं कपाट करतं, कुणी स्पीकरची खोकी, कुणी छोटं सीएनसी राउटर. हात बसला, की कागदावरचं कच्चं रेखाटन अपुरं पडू लागतं आणि प्रश्न येतो : परवडणारं कॅड सॉफ्टवेअर कोणतं? संगणकावरचं यांत्रिक रेखाटन हा माझा विषय असल्यामुळे या प्रश्नाचं उत्तर कारणांसह द्यावंसं वाटतं. विचारणाऱ्याच्या मनात किंमत म्हणजे परवान्याचा आकडा असतो. माझं म्हणणं असं, की हौशी कारागिरासाठी तो आकडा दुय्यम आहे. आज काढलेलं रेखाटन पाच वर्षांनी उघडेल का, त्यात बदल करता येईल का आणि ते दुसऱ्याच्या यंत्रावर बिनचूक पोहोचेल का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सॉफ्टवेअर स्वस्त की महाग हे ठरतं. मोफत मिळालेलं सॉफ्टवेअर या हिशेबात सर्वांत महाग निघू शकतं.

याचं कारण हौशी माणसाच्या कामाच्या पद्धतीत आहे. व्यावसायिक ड्राफ्ट्समन रोज आठ तास त्याच सॉफ्टवेअरवर बसतो. वर्षाचं भाडं तो गिऱ्हाइकाच्या बिलात वसूल करतो आणि नियम बदलले तर नव्या नियमांप्रमाणे जुळवून घेतो. हौशी कारागीर गणपतीच्या आधी मखराचं रेखाटन करतो, मग चार महिने संगणकाकडे फिरकत नाही आणि पुढच्या वर्षी तेच मखर सहा इंच मोठं करायचं म्हणून जुनी फाइल शोधतो. वापर असा तुटक असेल, तर दरमहा किंवा दरसाल भाडं भरणं तोट्याचं असतं. नेमकी याच दिशेने हा सगळा धंदा सरकला आहे. ऑटोकॅडचा कायमस्वरूपी परवाना नव्याने विकणं २०१६ मध्ये बंद झालं, स्केचअपचा २०२० मध्ये. आता जे घ्यायचं ते भाड्याने. म्हणून हौशी माणूस कंपन्यांच्या मोफत आवृत्त्यांकडे वळतो, आणि खरी जोखीम तिथे सुरू होते.

मोफत आवृत्तीचे नियम कंपनी ठरवते आणि तीच बदलते. ड्राफ्टसाइट २०१० मध्ये आलं तेव्हा ते मोफत होतं आणि ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइली उघडत असे. अनेकांनी आपलं सगळं काम त्यात केलं. पुढे कंपनीने मोफत आवृत्ती बंद केली आणि ३१ डिसेंबर २०१९ नंतर आधीच घरच्या संगणकावर बसवलेल्या मोफत प्रतीही चालेनाशा झाल्या. स्केचअपची संगणकावर उतरवून घेता येणारी शेवटची मोफत आवृत्ती २०१७ ची. त्यानंतरची मोफत आवृत्ती ब्राउझरमधून वापरावी लागते. ऑनशेपच्या मोफत योजनेत तुमची रेखाटनं जगाला खुली राहतात आणि त्यांचा व्यावसायिक वापर चालत नाही. फ्यूजन या त्रिमितीय कॅडच्या कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये वैयक्तिक वापराच्या परवान्यावर बंधनं जाहीर केली. एका वेळी बदल करता येतील अशा फाइली दहाच उरल्या. सीएनसीसाठी यंत्राची रिकामी चाल वेगाने करण्याची सोय काढली. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या स्टेप स्वरूपात फाइल बाहेर काढण्याची सोयही जाणार होती, पण वापरणाऱ्यांनी गदारोळ केल्यावर ती राहिली. यात कुठल्याही कंपनीने कायदा मोडलेला नाही. आपला माल कोणत्या अटींवर द्यायचा हा त्यांचा हक्क आहे. मुद्दा एवढाच, की या हक्काच्या पलीकडे आपलं रेखाटन सुरक्षित राहील अशी तजवीज आपण पहिल्या दिवशीच करायला हवी.

आपण फाइल कोणत्या स्वरूपात ठेवतो, यात ही तजवीज असते, आणि तीच निवडीची पहिली कसोटी. सपाट रेखाटनासाठी डीएक्सएफ हे स्वरूप १९८२ मध्ये ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलं आणि आजही लेसर कटिंग, प्लाझ्मा कटिंग आणि राउटरची दुकानं तेच मागतात. ते इतकं का टिकलं हे पाहायचं असेल, तर एखादी साधी डीएक्सएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत साधी अक्षरं आणि आकडे दिसतील. एक रेघ म्हणजे ‘लाइन’ हा शब्द, ८ या आकड्याखाली लेअरचं नाव, १० आणि २० खाली रेघेच्या सुरुवातीच्या बिंदूचे एक्स आणि वाय, ११ आणि २१ खाली शेवटच्या बिंदूचे. उद्या एकही कॅड सॉफ्टवेअर उरलं नाही, तरी एवढी फाइल कुणीही हाताने वाचू शकेल. त्रिमितीय कामासाठी स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात वस्तूचे पृष्ठभाग आणि कडा गणिताने नेमक्या लिहिलेल्या असतात, त्यामुळे ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुढे काम करता येतं. थ्रीडी प्रिंटरवाले वापरतात त्या एसटीएलमध्ये मात्र फक्त त्रिकोणांची जाळी असते. छपाईला ती पुरते, पण तिच्यातलं एक भोक अर्ध्या मिलिमीटरने वाढवायचं म्हटलं तर घाम फुटतो. शिवाय एसटीएलमध्ये एककाची नोंदच नसते, आणि डीएक्सएफमध्येही ती अनेकदा राहून जाते. इंचात काढलेली १२ ची फळी दुकानदाराच्या यंत्रावर १२ मिलिमीटरची होते ती यामुळे. म्हणून फाइलबरोबर एका बाजूचं माप लिहून देण्याची सवय हवी.

सॉफ्टवेअर निवडताना दुसरी कसोटी बदलाची. आपल्याकडचा सुतार फूट, इंच आणि सुतात बोलतो. आठ सुतांचा इंच, म्हणून सहा सुती प्लाय म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. दुकानात ते १८ किंवा १९ म्हणून मिळतं आणि व्हर्नियर लावून मोजलं, तर कधी १७.४ भरतं. समजा, पाच फळ्यांचं, बाहेरून ९०० मिलिमीटर रुंद कपाट करायचं आहे आणि प्रत्येक फळी दोन्ही बाजूंच्या पाट्यांत ६ मिलिमीटर खोल खाचेत बसणार आहे. जाडी १८ धरली तर फळीची लांबी ८७६ येते, १७.४ धरली तर ८७७.२. खाचांची रुंदीही बदलते, आणि खाचा दहा आहेत. साध्या द्विमितीय रेखाटनात ही सगळी मापं एकेक करून बदलावी लागतात, आणि एखादं राहून गेलं की ते लाकूड कापल्यावरच कळतं. मापांचे परस्परसंबंध लक्षात ठेवणाऱ्या, म्हणजे पॅरामेट्रिक, सॉफ्टवेअरमध्ये जाडीचा एक रकाना करायचा, खाच म्हणजे जाडी अधिक ०.२ असं सूत्र द्यायचं आणि प्लाय घरी आल्यावर तेवढा एक आकडा बदलायचा. ही कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत सादर केलेल्या स्केचपॅडमध्येच रेघा समांतर ठेवा, लांबी सारखी ठेवा असे निर्बंध देता येत होते. तेव्हा त्याला खोलीभर संगणक लागला. आज तीच ताकद घरच्या लॅपटॉपवर फुकट मिळते.

या दोन कसोट्या लावल्या की निवड सोपी होते. काम मुख्यतः सपाट असेल, म्हणजे लेसरने कापायच्या जाळ्या, नावाच्या पाट्या, पत्र्याचे तुकडे, तर लिब्रेकॅड पुरेसं आहे. ते मुक्तस्रोत आहे, जुन्या संगणकावरही धावतं आणि त्याची स्वतःची फाइलच डीएक्सएफ असते. त्यात पॅरामेट्रिक सोय नाही, हे लक्षात ठेवूनच ते घ्यावं. दुसऱ्याकडून डीडब्ल्यूजी फाइली वारंवार येत असतील, तर क्यूकॅडच्या व्यावसायिक आवृत्तीवर एकदा थोडे पैसे खर्च करणं योग्य. तो परवाना दरसाल भाडं मागत नाही. फर्निचर, जिग, यंत्राचे सुटे भाग अशी त्रिमितीय कामं असतील, तर माझी पसंती फ्रीकॅडला आहे. त्यातून डीएक्सएफ आणि स्टेप दोन्ही निघतात, मापांची स्प्रेडशीट करता येते, मोजमापांसह कागदावरचं रेखाटनही तयार होतं. त्याची मूळ फाइलही झिप करून ठेवलेली असते. ती उघडली की आतली माहिती वाचता येते. कॉम्प्युटर प्रोग्रामिंगची सवय असणाऱ्याला वस्तूचं वर्णन ओळींत लिहायला लावणारं ओपनएसकॅड आवडेल. शाळकरी मुलांना थ्रीडी प्रिंटिंगची ओळख करून द्यायला ब्राउझरमधलं टिंकरकॅड चांगलं आहे.

पहिला आक्षेप अपेक्षित आहे आणि तो खरा आहे : फ्रीकॅड शिकायला अवघड, फ्यूजन सोपं. फ्रीकॅडचं काम २००२ पासून सुरू आहे आणि बराच काळ त्यात एक मोठा दोष होता. वस्तूच्या कडांना आणि पृष्ठभागांना सॉफ्टवेअर आपोआप नावं देतं. आधीच्या टप्प्यात एखादा बदल केला की ती नावं सरकत आणि त्यांवर अवलंबून असलेली पुढची रचना भलत्याच जागी जाई. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत या दोषावर मोठं काम झालं आणि सुटे भाग एकत्र जोडण्याची सोयही मूळ सॉफ्टवेअरमध्ये आली. तरी फ्यूजनचा सफाईदारपणा, विशेषतः सीएनसीसाठी यंत्राचा मार्ग आखण्यातला, अजून वरचढ आहे, हे मी मान्य करतो. ज्याचं मुख्य काम राउटरचं आहे त्याने फ्यूजन जरूर वापरावं. मात्र प्रत्येक काम संपताच त्याची स्टेप फाइल आणि मापांसह पीडीएफ स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. एवढं केलं तर नियम बदलले तरी काम हातात राहतं. शिकण्याच्या कष्टाबद्दल सांगायचं, तर ते एकदाच पडतात. निर्बंध, रेखाचित्र, उंची देणं या कल्पना एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जशाच्या तशा जातात.

दुसरा आक्षेप उघडपणे कमी आणि खासगीत जास्त ऐकू येतो : पन्नास जणांकडे ऑटोकॅडची क्रॅक केलेली प्रत आहे, मग एवढा विचार कशाला? भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे, आणि नफ्यासाठी वापर नसला तरी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार तोट्याचा आहे. अशा प्रतीला सुधारणा मिळत नाहीत, कुणी बदललेली फाइल आपण घरच्या संगणकावर चालवत असतो, आणि संगणक बदलला की पुन्हा नवी चोरीची प्रत शोधावी लागते. फुकट, कायदेशीर आणि सक्षम पर्याय हाताशी असताना हा मार्ग धरण्याला आता सबब उरलेली नाही.

तिसरा आक्षेप विचार करायला लावणारा आहे. मुक्तस्रोत प्रकल्पही स्वयंसेवकांवर चालतात, ते बंद पडले तर? पडू शकतात. पण बंद पडण्याचे परिणाम दोन्हीकडे सारखे नसतात. लिब्रेकॅड जन्मलं ते क्यूकॅडच्या जुन्या मुक्त आवृत्तीतून. त्या आवृत्तीचा कोड खुला होता, म्हणून इतरांनी तो घेऊन पुढे चालवला. ड्राफ्टसाइटच्या मोफत प्रतींच्या बाबतीत कुणालाही तसं करता आलं नसतं. शिवाय उतरवून घेतलेली मुक्त आवृत्ती कंपनीच्या सर्व्हरला विचारून चालू होत नाही, त्यामुळे जुना संगणक जपला तर ती वर्षानुवर्षं चालते. इंटरनेट अधूनमधून जाणाऱ्या गावात याला वेगळं महत्त्व आहे.

चौथा आक्षेप जुन्या कारागिरांचा : पेन्सिल, गुण्या आणि मोजपट्टी पुरे. एकच वस्तू एकदाच आणि स्वतःच्या हाताने करायची असेल तर हे शंभर टक्के खरं. पण वस्तू पुन्हा करायची असेल, तिचा एखादा भाग बाहेरून कापून घ्यायचा असेल किंवा ती दूरच्या कुणाला द्यायची असेल, तर संगणकावरचं रेखाटन लागतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. अशा प्रयोगशाळांमागचा विचार असा, की एका ठिकाणी काढलेली रचना दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर तयार व्हावी. फाइल बंदिस्त असेल तर हा विचार पहिल्याच पायरीवर थांबतो.

म्हणून सॉफ्टवेअरवर महिनाभर मेहनत करण्याआधी एका रविवारी एवढी परीक्षा घ्यावी. एक छोटा स्टूल काढा. प्लायची जाडी बदलून पाहा आणि सगळी मापं आपोआप बदलतात का ते तपासा. बैठकीची फळी डीएक्सएफमध्ये आणि पूर्ण स्टूल स्टेपमध्ये बाहेर काढा. मग इंटरनेट बंद करून त्या दोन्ही फाइली दुसऱ्या कंपनीच्या किंवा प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि एक बाजू मोजा. शेवटी ए४ कागदावर १०० मिलिमीटरची रेघ पूर्ण मापात छापून पट्टी लावा, कारण प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो आणि त्यावरून आखलेलं भोक चुकतं. या परीक्षेत जे सॉफ्टवेअर उतरेल ते घ्या, मग ते फुकट असो की विकतचं. जे नापास होईल त्यावर कितीही सवलत मिळाली तरी तुमची मेहनत त्यात गुंतवू नका. हत्यारं बदलत राहतील, पण रेखाटन तुमच्या बुद्धीचं आहे आणि त्यावरचा ताबा तुमच्याकडेच राहिला पाहिजे.