नेमणूकपत्राची मागची बाजू

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत माझी चौतीस वर्षे गेली. त्यांतला बराच काळ १९६५ च्या सिव्हिल सेवा आचरण नियमांच्या सहवासात गेला. परवानगीवाचून व्यापार करू नये, भेटी स्वीकारू नयेत, राजकारणात पडू नये, स्थावर मालमत्तेची माहिती द्यावी, ही सारी कलमे पुढे पुढे पुस्तक न उघडताही सांगता येऊ लागली. चौकशीसाठी माझ्याकडे येणाऱ्या कागदांत शिक्षकांविरुद्धच्या तक्रारी पुष्कळ असत आणि त्यांतल्या बहुतेक खाजगी शिकवण्यांसंबंधी असत. सहकाऱ्यांना त्या फायली कंटाळवाण्या वाटत. मला त्या फार ओळखीच्या वाटत, कारण अशा नियमांची पहिली भेट मला नोकरीत नव्हे, घरातच झाली होती.

माझे वडील इंदुरातील एका मराठी शाळेत शिक्षक होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच ते नोकरीस लागले. त्यांचे नेमणूकपत्र एकाच पानाचे होते. दर्शनी बाजूस पगार व रुजू होण्याची तारीख, आणि मागच्या बाजूस बारीक टाइपात अटी. शिक्षकाने वर्गात टोपी घालून यावे. तंबाखू व विडी शाळेच्या आवारात आणि आवाराबाहेर विद्यार्थ्यांच्या देखत वर्ज्य. चहाच्या दुकानात बसू नये. सुटीतही गाव सोडावयाचे झाल्यास पत्ता कळवावा. स्वतःच्या वर्गातील मुलाची शिकवणी घेऊ नये, इतरांची घ्यावयाची असल्यास मुख्याध्यापकांची लेखी अनुमती घ्यावी. कुटुंबातील कोणी अर्थार्जनाचा उद्योग करीत असल्यास तो कळवावा. (शेवटच्या दोन अटींची भावंडे मला पुढे शासकीय नियमांतही भेटली, तेव्हा त्या केवळ आमच्या शाळेच्या लहरी नव्हत्या.)

टोपी आणि चहाच्या दुकानाविषयी आज हसू येते. पण त्यांमागे एक धारणा होती, ती हसण्याजोगी नाही. शिक्षक शाळा सुटल्यावरही शिक्षकच असतो, हे समाजाने गृहीत धरले होते. कारकुनाला पाचनंतर कोणी विचारीत नसे. मास्तरांना मात्र भाजीबाजारातही मास्तरांसारखेच वागावे लागे.

या धारणेला व्रताचे रूप दिले ते पुण्याने. २ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर पाठोपाठ येऊन मिळाले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावयाची आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांत संसार चालवावयाचा, असा निश्चय होता. डोळ्यांसमोर आदर्श होता जेझुइट पाद्र्यांचा. पण जेझुइट पाद्री ब्रह्मचारी असतात आणि आमचे हे तरुण प्राध्यापक बायकामुलांचे धनी होते, एवढा फरक त्या वेळी फारसा कोणाच्या ध्यानी आला नसावा.

तो लवकरच ध्यानी आणावा लागला. वेतनवाढीचा प्रश्न निघाला, बाहेरच्या कामांचा आणि बाहेरच्या मिळकतीचा निघाला. टिळकांचे म्हणणे असे की आजीव सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा आहे. आगरकर व त्यांच्या बाजूचे सभासद म्हणत की ठरलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. होळकर सरकारकडून मिळालेली एक देणगी संस्थेची समजायची की ती घेणाऱ्यांची, यावरूनही कटुता आली, ही गोष्ट आम्हा इंदूरकरांना विशेष जवळची. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा टिळकांनी त्यालाही हरकत घेतली. वास्तविक वर्तमानपत्रांच्या उद्योगापासून दोन्ही पक्षांतले कोणीच अलिप्त नव्हते. टिळकांचे मन केसरीत गुंतलेले होते, तर १८८८ मध्ये आगरकरांनी सुधारक काढले होते आणि गोखले त्यात इंग्रजी मजकूर लिहीत. अखेर १८९० च्या शेवटी टिळकांनी राजीनामा दिला. या भांडणाची हकीगत आपल्याकडे बहुधा राजकारण आणि सामाजिक सुधारणा यांच्या अंगाने सांगितली जाते. मला मात्र ती शिक्षकाच्या सेवाशर्तींची हकीगत वाटते, आणि नोकरीच्या सवयीने मी तिचा निकाल मनाशी आगरकरांच्या बाजूने लावून ठेवला आहे. स्वतःवर घालून घेतलेला नियम कितीही कडक असो. दुसऱ्याच्या चुलीपर्यंत तो नेताना थोडे थांबावे.

आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. दम्याने शरीर पोखरले होते आणि ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. ही गोष्ट शाळेत आम्हाला त्यागाचे उदाहरण म्हणून शिकवली गेली. त्या पंचाहत्तर रुपयांत घर चालवणाऱ्या यशोदाबाईंनी कसलीही प्रतिज्ञा घेतली नव्हती, याचा उल्लेख त्या धड्याच्या वेळी कोणी केल्याचे स्मरत नाही.

आमच्या घरी वडिलांनी लेखी अनुमतीचा अर्ज कधीच केला नाही. पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर अनुमती कशाला? सकाळी सहापासून ओसरीवर सात-आठ मुले गणित करायला बसत, काही त्यांच्याच वर्गातली. फुकट शिकवणे अटींत बसते की नाही यावर त्यांनी रीतसर विचार केला होता आणि बसते असे ठरवले होते. त्या मुलांना चहा मात्र आईला करावा लागे.

थोरल्या ताईच्या लग्नाचे पाहू लागलो, तेव्हा आईने माहेरून आलेले शिलाईचे मशीन बाहेर काढले. ओळखीपाळखीच्या बायकांची झंपरे, परकर, मुलींचे फ्रॉक. महिन्याला थोडेफार सुटू लागले. ते कळताच वडिलांनी शाळेला पत्र लिहिले, की माझी पत्नी घरी शिवणकाम करून मोबदला घेते, नोंद व्हावी. पत्र पाठवण्यापूर्वी त्यांनी ते आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. मात्र चार दिवस तिने त्यांच्याशी कामापुरतेही बोलणे ठेवले नाही. ताटावर बसण्याची वेळ झाली की ती मला हाक मारी आणि ‘बाबांना सांग’ म्हणे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि या निरोप्याच्या कामाला फार कंटाळलो होतो.

बाबांनी चोरी लपवल्यासारखे केले नाही, हे मला तेव्हाही कळत होते. पण आईला जे लागले ते वेगळेच होते. तिच्या कामाला उद्योग म्हटले गेले ते आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही तक्रारवजा कागदात. त्यावर सही तिची नव्हे, नवऱ्याची. अट त्यांनी स्वीकारली होती, आणि तिच्या सुईदोऱ्याचा हिशोब मात्र शाळेच्या फायलीत जाणार होता.

पत्र आठवड्याने परत आले. कोपऱ्यात मुख्याध्यापकांनी लाल शाईने ‘पाहिले’ एवढेच लिहिले होते. त्याच महिन्यात त्यांच्या घरून दोन झंपरांचे कापड आमच्याकडे आले. वडिलांनी आईला सुचवले की त्यांच्याकडून शिलाई घेऊ नये, बरे दिसणार नाही. आईने ती घेतली, पूर्ण घेतली, आणि वरखर्चाच्या वहीत तारीखवार लिहून ठेवली. ते मशीन सध्या माझ्या धाकट्या बहिणीकडे वडोदऱ्याला आहे.