ओहोटीच्या वाटेवरची घोडागाडी : कोरपना ते अलिबाग

कोरपन्यात पडलेला पाऊस पैनगंगेतून वर्धेत जातो, वर्धेतून प्राणहितेत, पुढे गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्या तालुक्याचा समुद्राशी संबंध आहे तो पूर्वेकडचा. महाराष्ट्राचा समुद्र मात्र पश्चिमेला, राज्याच्या थेट दुसऱ्या टोकाला. त्यामुळेच कापसाच्या आणि चुनखडीच्या या मुलखात सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसे अशी भेटतात, की ज्यांनी समुद्र चित्रपटात पाहिला आहे, डोळ्यांनी पाहिलेला नाही. आपल्या घरी असे कोणी असेल, आणि त्यांनी कधी तसे बोलून दाखवले असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिसरातील अकरा ज्येष्ठ आणि सोबतीला चार तरुण, असे पंधरा जण शनिवार-रविवार धरून अलिबागला जाऊन आलो. सर्वांत धाकटे त्रेसष्ट वर्षांचे, सर्वांत थोरले एक्याऐंशीचे. अलिबागच का, याचे उत्तर एका गोष्टीत होते. तेथे ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि किनाऱ्यापासून आत असलेल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत ओल्या वाळूतून घोडागाडी जाते. आयुष्यभर बंडीत आणि दमणीत बसलेल्या माणसांना समुद्रातून गाडी हाकत नेतात ही कल्पनाच इतकी विलक्षण वाटली, की गुडघ्यांच्या तक्रारी काही दिवस मागे पडल्या.

परंतु ही सहल तिकिटे काढून ठरत नाही. ती ठरते तिथीने. आपल्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच. ती उतरवून समोर ठेवावी. कोकणातील कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून समुद्रही रोज तेवढाच मागे रेंगाळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक असतो. अष्टमीच्या सुमारास, ज्याला भांग म्हणतात, तो बराच कमी असतो आणि पाणी फारसे मागे हटत नाही.

आता ज्येष्ठांच्या सोयीने पाहा. पौर्णिमेला पाणी खूप ओसरते, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, अंधाराच्या तोंडावर. अष्टमीला ती दुपारी बाराला येते, पण उन्हात, आणि पाणीही पुरते जात नाही. मधला मार्ग तृतीया ते पंचमीचा. तेव्हा ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान पडते. वद्य चतुर्थी टाळावी, कारण किल्ल्यात गणपतीचे देऊळ आहे आणि संकष्टीला तेथे गर्दी होऊ शकते. आम्ही पंचमीचा शनिवार निवडला. हा हिशेब अंदाजाचा आहे, त्या दिवशीची नेमकी वेळ किनाऱ्यावर विचारून घ्यावीच. ओहोटीच्या क्षणाआधी एक तास निघणे आणि नंतर एका तासाच्या आत परत फिरणे, एवढीच मुभा मी ज्येष्ठांच्या गटाला देईन. पाणी कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला तर पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यावर अडकून पडावे लागते आणि संध्याकाळची औषधे खोलीवर राहतात.

प्रवासाविषयी थोडक्यात. चंद्रपूर किंवा बल्लारपूरहून रेल्वेने मुंबई गाठण्यात एक रात्र आणि दिवसाचा मोठा भाग जातो. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्यास पोटऱ्यांत रक्त साकळण्याचा धोका असतो. दर दोन तासांनी डब्यात चार पावले चालावे, तेही जमत नसेल तर बसल्या जागी टाच आणि चवडा आलटून पालटून उचलावा. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते; ही सेवा २०२० मध्ये सुरू झाली. मोटार थेट बोटीत चढते, त्यामुळे हातात सामान घेऊन हलत्या फळीवरून उतरावे लागत नाही. गेटवेवरूनही मांडव्याच्या बोटी सुटतात. मांडव्यापासून अलिबाग वीस किलोमीटरांच्या आत आहे. पोहोचलेल्या दिवशी समुद्र केवळ पाहावा. गाडीत बसण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशीच ठेवावा.

मूळ प्रश्न असा, की आपल्या घरातील ज्येष्ठाने घोडागाडीत बसावे काय? पंधरा जणांत यावर सर्वांत जास्त वाद झाला, आणि तो आपल्याही घरी होईल. मुले आणि सुना भीतीपोटी सरसकट नाही म्हणतात; ज्येष्ठ हट्टाने सरसकट होय म्हणतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, विशेषतः ज्यांच्या पाठीच्या मणक्याला पूर्वी एकदा चीर गेली आहे, त्यांना एका दचक्यानेही मणका दबण्याची भीती असते. त्यांनी बसू नये. खुब्याची, गुडघ्याची, डोळ्याची वा पोटाची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असेल, तर शल्यचिकित्सकाच्या स्पष्ट परवानगीविना बसू नये. चक्कर येत असेल, तोल जात असेल तर नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बसण्याला हरकत नसली तरी पडण्याची किंमत मोठी असते. डोक्याला मार लागल्यास बाहेरून काही दिसत नसले तरी रुग्णालय गाठावे लागते, हे सोबत्याला ठाऊक असावे. दमेकऱ्यांना घोड्याच्या केसांनी त्रास होऊ शकतो. फवारा खिशात हवा. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. आणि घोडागाडीने सांधे मोकळे होतात, पाठ बरी होते असे कोणी सांगितले, तर हसून सोडून द्यावे. आपण औषधासाठी नव्हे, आनंदासाठी बसणार आहोत.

आमच्यातील एका काकूंना डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मणका दबला होता. त्या चार दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "गाडीत नाही बसत, पण येते. मला तर समुद्रच पाहायचा आहे, गाड्या मी पुष्कळ पाहिल्या." त्यांच्यासाठी किनाऱ्यावर सावलीतील बाकाची, पाठीला उशीची आणि सोबतीला नातीची व्यवस्था केली. गटाने जाण्याचा फायदा हाच. एकाला थांबावे लागले तर त्याच्याबरोबर थांबणारे कोणी तरी असते आणि उरलेल्यांचा पाय अडत नाही.

गाडी निवडताना आधी घोड्याकडे पाहावे. बैलजोडी पारखलेल्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. बरगड्या मोजता येतात काय, एक पाय टेकवताना मान झुकते काय, पट्ट्याखाली जखम आहे काय, डोळे मिटून उभा आहे काय. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, त्यामागे घोड्यांची हीच दैना होती. २०२१ मध्ये तेथे तशाच दिसणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या. अलिबागच्या वाळूवर अजून घोडाच आहे, म्हणून थोडी जबाबदारी आपल्यावर येते. ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीचे १९६५ चे केंद्रीय नियम सांगतात, की हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले सोडून गाडीत चारच माणसे बसावीत. जनावराला सलग पाच तासांपेक्षा अधिक आणि दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक जुंपू नये. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच जुंपू नये. (हेच नियम आपल्याकडील बैलांनाही लागू आहेत. कोरपन्यातील मे महिना आठवावा आणि ते किती पाळले जातात, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.) चारपेक्षा अधिक माणसे कोंबली जात असतील तर आपण दुसरी गाडी करावी. खर्च थोडा वाढतो. घोड्याला आणि आपल्या गुडघ्यांना, दोघांनाही जागा मिळते.

चढण्याची पायरी उंच असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम जिन्यासाठी शिकला असाल तोच येथे. घोडा पूर्ण थांबला आहे आणि गाडीवान त्याच्या तोंडाशी उभा आहे याची खात्री झाल्याशिवाय पाय उचलू नये. एक प्लॅस्टिकचे बुटके स्टूल आम्ही सोबत नेले होते. त्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. चालीने न्या, पळवू नका, असे आरंभीच सांगून ठेवावे.

मग गाडी निघते. प्रथम मऊ वाळू, मग ओली, कडक वाळू, आणि मग खडकांमधून साचलेले पाणी चाकांनी कापत ती आत शिरते. आमच्यातील एक्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी तरुणपणी बंडी हाकली होती. सपाट वाळूवर त्यांनी गाडीवानाकडे लगाम मागितला. गाडीवानाने तो त्यांच्या हाती दिला, पण आपला हात मागून सोडला नाही. आजोबांनी सवयीने कासरा ओढावा तसा ओढला आणि घोड्याने मान वर फेकली. गाडीवान म्हणाला, "बाबा, हात सैल सोडा. याच्या तोंडात लोखंड आहे." बैलाला वेसणीतून आणि आवाजातून कळते, घोड्याच्या तोंडाला बोटाची हालचालही पुरते. आजोबांनी बोटे सैल केली. पन्नास-साठ पावले घोडा त्यांच्या हातात चालला. नंतर बराच वेळ ते आपल्या तळहाताकडे पाहत होते.

हातांचे म्हातारपण आणि लगाम यांवरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांना संधिवातामुळे पन्नाशीत पोलो सोडावा लागला. त्यांनी घोडे सोडले नाहीत. घोडागाडी हाकण्याचा खेळ उचलला, त्याचे आंतरराष्ट्रीय नियम घडवण्यात भाग घेतला आणि नव्वदी ओलांडल्यावरही गाडी हाकली. त्यांची शिकवलेली घोडी, राखलेली मैदाने आणि मदतनीस आपल्याकडे नाहीत, तेव्हा आपण लगाम धरावा तो गाडीवानाच्या हाताखालीच.

कुलाबा किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे बनले. बाहेरच्या तटाचे मोठे दगड चुन्याविना एकावर एक रचले आहेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच विरतो. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, याचे नवल आमच्या मंडळींना तोफांपेक्षा अधिक वाटले. पायऱ्या असमान आहेत, शेवाळ असू शकते. काठी, रबरी तळाचे बूट आणि सोबत्याचा कोपर हे तिन्ही हवे. सर्व तट फिरण्याचा आग्रह धरू नये. देवळापर्यंत जाऊन परत येणे पुरेसे आहे.

मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये, कितीही मोह झाला तरी. तळव्याची जाणीव कमी झालेली असते, शिंपल्याची धार लागलेली संध्याकाळी कळते. दुसरी सावधगिरी उकाड्याची. आपल्याकडील उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, म्हणून कोकणातील बत्तीस अंशांना आपली माणसे हसतात. परंतु आपली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि अंग निवते. समुद्रावर घाम वाळतच नाही. अंग ओले राहते, निवत मात्र नाही, आणि पाणी शरीरातून जात राहते. त्यातच लघवीला जावे लागेल म्हणून ज्येष्ठ पाणी पीत नाहीत. निघण्यापूर्वी खोलीवर शौचाला जाऊन यावे, किल्ल्यावर सोय असेलच असे धरून चालू नये, पण घोटघोट पाणी प्यावेच. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असल्यास त्या सकाळी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. विस्मरणाचा त्रास असलेल्यांच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. नवी जागा त्यांना गोंधळात टाकते.

दुपारी वेळ उरला तर अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून एक फेरी मारावी. मुंबईत १८७४ पासून ट्राम घोडे ओढत असत. त्या विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी विजेमुळे बिघडतील हे ध्यानात आले आणि १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणले गेले. मुंबईच्या रस्त्यांवरून घोडा गेला, म्हणून ही वेधशाळा येथे आली.

आम्ही अकराच्या आधी किनाऱ्यावर परतलो. पाणी तोवर वाटेतील खडकांत शिरू लागले होते. काकू बाकावरून उठून नातीचा हात धरून पाण्याच्या रेषेपर्यंत आल्या होत्या, पायात रबरी चपला होत्या. येणारी प्रत्येक लाट किती पुढे आली हे त्या काठीने वाळूवर रेघ मारून पाहत होत्या. गाडी पाहताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घोड्याला पाणी पाजलं का?" गाडीवान हसला आणि बादली आणायला गेला.