कर्लीच्या पाण्यावर

आज पहाटे देवबागला कर्ली नदीत शेजारच्या काकांची उलांडीची लाकडी होडी वल्हवली. सुकती लागली होती; समुद्राकडची ओढ वल्ह्याच्या दांड्यातून थेट तळहातात उतरत होती. होडीच्या अंगावर काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळपट थर. खारं पाणी आणि लाकूड पोखरणारा किडा, दोन्हींपासून तोच तिला राखतो.

काल फायबरची होडी चालवली होती. हलकी, ओढायला सोपी, तेलपाणी नको. पण लाट आपटली की ती पोकळ वाजते. शिवाय मोडलेलं फायबर कुजत नाही, वितळवून पुन्हा घडवताही येत नाही. रोज मासेमारीला जाणाऱ्याने फायबरचीच घ्यावी, त्यात काही चूक नाही. मला मात्र लाकडीच हवी. दरवर्षी तेल मी लावीन.