लँगर अजून खेळतोय

पुणे, १२ मे २०२५

चि. मनू,


आउग्सबुर्गला तुझं बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या लोकांनी बर्नहार्ड लँगरचा विषय काढला, तुला हूं की चूं करता आलं नाही आणि तू मामाला कामाला लावलंस. तुझा प्रश्न मात्र चांगलाच तिखट आहे: सदुसष्ट वर्षांचा माणूस व्यावसायिक गोल्फ खेळतो म्हणजे काय? आपल्याकडे निवृत्त क्रिकेटपटू पोटं सावरत, हसतखेळत सामने खेळतात, तसलंच ना ते?

तसलं नाही गं. अमेरिकेतला सीनियर दौरा १९८० मध्ये सुरू झाला. सुरुवातीला त्याचा आधार होता लोकांचा लाडका खेळाडू अर्नोल्ड पामर. अमेरिकी सीनियर ओपनने पहिल्या वर्षी वयाची अट पंचावन्न ठेवली होती. पुढच्याच वर्षी ती पन्नासवर आणली. पामरला खेळता यावं म्हणून, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पामरने १९८१ची ती स्पर्धा जिंकूनही दाखवली. आज या दौऱ्याला पीजीए टूर चॅम्पियन्स म्हणतात. बहुतेक स्पर्धा चाराऐवजी तीन दिवसांच्या, मधे कुणी गळत नाही, बऱ्याच ठिकाणी गाडीतून फिरायचीही मुभा. वरवर पाहता सगळा सुखाचा मामला.

गोम दुसरीकडेच आहे. पन्नाशी पूर्ण झाली की दार उघडतं आणि ते मागून येणाऱ्यांसाठी उघडंच राहतं. दरवर्षी नवे, ताजे पन्नाशीतले खेळाडू आत येतात. त्यांचा चेंडू लांब जातो, गुडघे अजून कुरकुरत नाहीत, आणि मुख्य दौऱ्यावर मागे पडल्याची खुन्नस डोक्यात असते. म्हणून जाणकार सांगतात, जिंकायचं तर पन्नास ते पंचावन्न या पाच वर्षांत जिंकून घ्या. हेल अर्विन नावाच्या अमेरिकी खेळाडूने हा हिशेब मोडला. त्याने ४५ स्पर्धा जिंकल्या, शेवटची २००७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. हा आकडा कुणी गाठेल असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. अर्विन हे नाव लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता तुमचा लँगर. जन्म २७ ऑगस्ट १९५७, गाव आनहाउझेन, म्हणजे तुझ्या शहराला अगदी लागूनच. वडील गवंडी, मूळचे सुडेटनलँडचे. युद्धानंतर रशियनांनी कैद्यांना सायबेरियाकडे नेणाऱ्या गाडीत भरलं, त्या गाडीतून उडी टाकून ते निसटले आणि बव्हेरियात येऊन राहिले, असं लँगर स्वतः सांगतो. घरात गोल्फचा गंधही नव्हता. त्या काळच्या पश्चिम जर्मनीत हा खेळ मूठभर श्रीमंतांचा. पण क्लबात कॅडीला पैसे मिळायचे, म्हणून हा नऊ-एक वर्षांचा पोरगा सायकल मारत आउग्सबुर्गच्या क्लबात जाऊन लोकांच्या पिशव्या वाहू लागला. शाळा सोडली आणि पंधराव्या वर्षी, १९७२ मध्ये, म्युनिकच्या क्लबात उमेदवारीला लागला. आपल्याकडचा अली शेर असाच दिल्लीचा कॅडी. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. खांद्यावर दुसऱ्याची पिशवी वाहता वाहता खेळ शिकलेल्यांची ही जात जगभर सापडते. मला ती क्लबच्या सभासदांच्या मुलांपेक्षा जास्त चिवट वाटते, पण हे माझं मत आहे, तू ऑफिसात खपवू नकोस.

१९८० मध्ये तो युरोपीय दौऱ्यावर पहिल्यांदा जिंकला. त्याआधी कुणा जर्मनाने ते केलं नव्हतं. १९८५ मध्ये ऑगस्टाची मास्टर्स जिंकली. एप्रिल १९८६ मध्ये जागतिक क्रमवारी पहिल्यांदा अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर त्याचंच नाव होतं. तीन आठवडे टिकलं, मग स्पेनचा बायेस्टेरोस वर आला. १९९३ मध्ये पुन्हा मास्टर्स. युरोपीय दौऱ्यावर एकूण ४२ विजय, त्याच्या पुढे फक्त बायेस्टेरोसचे ५०. हे सगळं कुठल्याही कोशात मिळेल, म्हणून भरभर सांगून टाकलं.

कोशातल्या यादीत जे दिसत नाही ते त्याच्या हातांबद्दल आहे. गोल्फमध्ये यिप्स नावाचा एक रोग आहे. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, तीन फुटांवरून चेंडू भोकात ढकलायचा, शेंबडं पोरही ढकलेल, आणि नेमक्या त्या क्षणी मनगटाला झटका बसतो. कुणी म्हणतं मज्जातंतूंचा दोष, कुणी म्हणतं मनाचा ताण, बहुधा दोन्हींची सरमिसळ असते. भल्याभल्यांची कारकीर्द यात संपली. लँगरला पहिला झटका विशीच्या आतच बसला. जर्मनीतल्या संथ ग्रीनवर वाढलेला मुलगा बाहेरच्या वेगवान ग्रीनवर गेला आणि हात ऐकेनात. पुढे हा आजार त्याच्याकडे पुन्हा पुन्हा आला. चार वेळा, असं तो मोजून सांगतो.

प्रत्येक वेळी त्याने एकच गोष्ट केली: पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, धरायची पद्धत टाकून दिली आणि नवी शिकला. ऐकायला सोपं वाटतं. पण तीस-पस्तीस वर्षांच्या नामांकित खेळाडूने जगासमोर, कॅमेऱ्यांसमोर, विचित्र दिसणारी पकड घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, याचा विचार कर. १९८५ची मास्टर्स तो जिंकला तेव्हा जवळच्या पटसाठी (पटरच्या फटक्यासाठी) डावा हात उजव्याच्या खाली घ्यायचा. १९९३ला तीही पकड गेली होती. डावा हात दांड्यावर खूप खाली, आणि उजव्या हाताने पटरचा दांडा आणि डाव्या हाताची कोपरापुढची बाजू एकत्र आवळून धरलेली, हाड मोडल्यावर खपची बांधतात तशी. लोक हसले. त्याने मास्टर्स विजेत्याचा हिरवा कोट घातला आणि घरी गेला. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात तीही पद्धत सोडून त्याने छातीपर्यंत येणारा लांब पटर घेतला. लोक म्हणतात लँगर म्हणजे जर्मन शिस्त, घड्याळाचा काटा. माझं म्हणणं उलट आहे. शिस्तीचे लोक जुन्या पद्धतीला चिकटून बुडतात. या माणसाचा गुण असा की स्वतःची सवय त्याला कधीच पवित्र वाटली नाही.

आता अर्विन. सप्टेंबर १९९१, दक्षिण कॅरोलायनातलं किआवा बेट, युरोप विरुद्ध अमेरिका, रायडर चषक. वातावरण इतकं तापलेलं की वर्तमानपत्रांनी त्याला किनाऱ्यावरचं युद्ध म्हटलं. तीन दिवसांच्या खेळानंतर सगळं शेवटच्या सामन्यावर आलं: लँगर विरुद्ध हेल अर्विन. लँगर जिंकला तर बरोबरी, आणि आधीचा चषक युरोपकडे असल्यामुळे तो तिथेच राहणार. चार होल उरले असताना लँगर दोनने मागे होता. तिथून त्याने बरोबरी साधली. अठराव्या होलवर अर्विन चुकला आणि लँगरसमोर उरला सहा फुटांचा पट. चेंडूच्या वाटेवर बुटांच्या खिळ्यांच्या दोन खुणा उठलेल्या होत्या. त्या बुजवायला तेव्हाच्या नियमात परवानगी नव्हती (ती २०१९ मध्ये मिळाली). त्याने आणि त्याच्या कॅडीने, पीटर कोलमनने, ठरवलं की खुणा चुकवून जरा डावीकडून, जोराने मारायचं. चेंडू भोकाच्या उजवीकडून निघून गेला. अमेरिका १४½, युरोप १३½.

त्या क्षणाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. मान मागे, डोळे मिटलेले, तोंड उघडं. ज्याला हातांचा आजार आहे, त्याच्या वाट्याला खेळातला सगळ्यात जास्त पाहिलेला पट यावा, हा नियतीचा आचरटपणा म्हणायचा. बरोबरच्यांना वाटलं, संपला. पुढच्याच आठवड्यात जर्मन मास्टर्स होती. शेवटच्या होलवर पंधरा फुटांचा पट घालून त्याने रॉजर डेव्हिसशी बरोबरी केली आणि प्लेऑफमध्ये स्पर्धा जिंकली.

२००७ मध्ये पन्नाशी गाठली आणि त्याच वर्षी त्याने सीनियर दौऱ्यावरची पहिली स्पर्धा जिंकली. २०१० मध्ये कार्नूस्टीला सीनियर ओपन आणि लगेच पुढच्या आठवड्यात, अटलांटिक ओलांडून, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सहालीला अमेरिकी सीनियर ओपन. २०१४ला वेल्समधल्या पोर्थकॉलला सीनियर ओपन तो तेरा फटक्यांनी जिंकला. तेरा! गोल्फमध्ये दोनचा फरकही सुखाचा मानतात.

मग १ जानेवारी २०१६ पासून नियम बदलला. लांब पटर चालेल, पण तो छातीला किंवा पोटाला टेकवायचा नाही. सगळ्यांनी मान हलवली, आता लँगरचं दुकान बंद. त्याने पटर तोच ठेवला, फक्त मूठ छातीपासून बोटभर दूर धरली. २०१६ मध्ये चार स्पर्धा जिंकला, २०१७ मध्ये सात, त्यात तीन मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धा. मग टीव्हीवरची चित्रं थांबवून थांबवून लोक बघू लागले की मूठ शर्टाला लागते का. कुजबूज इतकी वाढली की अमेरिकी गोल्फ संघटनेला २०१७ मध्ये निवेदन काढावं लागलं: नियमभंग झाल्याचं काही दिसत नाही. मला विचारशील तर दोष नियमाचा. शर्टाची घडी आणि बोटाचं पेर यांच्यामधलं अंतर कोण मोजणार? बंदी घालायची तर लांब पटरवरच घालायची, नाहीतर गप्प बसायचं. पण नियमाच्या आत राहून खेळणाऱ्यावर संशय घ्यायचा हे बरं नव्हे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने अर्विनचा ४५चा आकडा गाठला. आणि त्याच वर्षी जुलैत, विस्कॉन्सिनमधल्या सेंट्रीवर्ल्डला, अमेरिकी सीनियर ओपन जिंकून तो मागे टाकला. दुसरा आला स्टीव्ह स्ट्रिकर, तिसरा जेरी केली, दोघेही विस्कॉन्सिनचेच, म्हणजे प्रेक्षक कुणाच्या बाजूने होते ते वेगळं सांगायला नको. लँगरचं वय पासष्ट. सीनियर मेजर जिंकणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू, आणि ही त्याची बारावी. ज्या अर्विनसमोर बत्तीस वर्षांपूर्वी तो सहा फूट चुकला होता, विक्रम त्याचाच मोडला. कथालेखकाने हे लिहिलं असतं तर संपादकाने जुळवून आणलंय म्हणून परत पाठवलं असतं.

तरुणांपुढे काय होतं, हेही तू विचारशीलच. नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनामुळे लांबलेल्या मास्टर्समध्ये, त्रेसष्ट वर्षांचा लँगर पहिल्या दोन दिवसांची चाळणी पार करून गेला. एवढ्या वयाच्या कुणालाही तोवर ते जमलं नव्हतं (२०२३ मध्ये फ्रेड कपल्सने तो विक्रम घेतला). शेवटच्या दिवशी त्याच्या जोडीला होता ब्रायसन डिशँबो, त्या वर्षीचा अमेरिकी ओपन विजेता, दंड फुगवून चेंडू आकाशात पाठवणारा. ड्राइव्हनंतर लँगर कितीतरी मागे उभा, हातात लाकडी घराण्यातली मोठी काठी. डिशँबोच्या हातात छोटी लोखंडी. त्या दिवशी लँगर ७१, डिशँबो ७३, आणि चार दिवसांच्या बेरजेतही म्हातारा एका फटक्याने पुढे. १९८५ला तो जिंकला तेव्हा ऑगस्टाचा कोर्स सात हजार यार्डांच्या आत होता. आता साडेसात हजारांवर गेलाय. पाच-पाचशे यार्ड जास्त चालून, आणि मारून, हा माणूस तिथे येत राहिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र टाचेवरची शीर तुटली. गोल्फ खेळताना नव्हे, पिकलबॉल खेळताना! इथे आपल्या सोसायट्यांमधेही त्या खेळाचं खूळ शिरलंय, तेव्हा तुझ्या बाबांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखव. शस्त्रक्रिया झाली आणि मे महिन्यात तो पुन्हा स्पर्धेत. नोव्हेंबरात मोसमाची शेवटची स्पर्धा फीनिक्सला होती. शेवटच्या होलवर तीस फुटांचा पट आत घालून एका फटक्याने जिंकला. सत्तेचाळिसावा विजय, आणि सलग अठरावा मोसम ज्यात किमान एक तरी स्पर्धा त्याने जिंकली. डिसेंबरात वडील-मुलांची स्पर्धा होते, तिथे धाकटा जेसन आणि तो टायगर वुड्स आणि त्याच्या चार्लीशी बरोबरीत आले. प्लेऑफच्या पहिल्याच होलवर म्हाताऱ्याने ईगल (ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी) घातला आणि गोष्ट संपवली.

एप्रिल २०२५ मध्ये त्याने मास्टर्सचा निरोप घेतला, एकेचाळिसाव्या खेपेला. दुसऱ्या दिवशी अठराव्या होलवर पार (ठरलेल्या फटक्यांत होल) केला असता तर शनिवारीही खेळला असता. पट हुकला, एका फटक्याने बाहेर. पण निरोप मास्टर्सचा, गोल्फचा नाही. २०२५ हा सीनियर दौऱ्यावरचा त्याचा एकोणिसावा मोसम, म्हणजे तू ऑफिसात त्याच्याबद्दल बोलताना चुकूनही भूतकाळ वापरू नकोस.

एक राहिलंच. हशा हवा असेल तर १९८१ची गंमत सांग: यॉर्कजवळ फुलफर्डला चेंडू झाडात अडकला, तर हा वर चढला आणि फांदीवरून मारून ग्रीनवर टाकला. आणि कुणी किआवाचा विषय काढून नाक मुरडलं तर २००४ सांग. रायडर चषकात ओकलंड हिल्सला युरोपचा कर्णधार तोच होता आणि अमेरिकेला तिच्या घरी १८½–९½ असं धुतलं. कर्णधार म्हणून त्याने जोड्या कशा लावल्या ते पुढच्या पत्रात लिहितो, त्याला चार पानं लागतील. तोवर ऑफिसातल्यांपैकी कुणी तुला आनहाउझेनला घेऊन जात असेल तर जा, आणि क्लबात कॅडींना आता किती देतात ते विचारून कळव.

तुझा
मामा