आडवे कोण आले?

खेळ म्हटला की वाद आलाच. पण सॉफ्टबॉलमधला एक वाद असा आहे की त्यात दोन्ही पक्ष एकच शब्द ओरडतात, अर्थ मात्र उलटा असतो. धावणारा खेळाडू आणि क्षेत्ररक्षक एकमेकांवर आदळले, की मराठी मुले म्हणतात, ‘आडवा आला!’ आणि कानडी मुले म्हणतात, ‘अड्ड बंद!’ भाषा दोन, तक्रार एक. कोण कोणाच्या आडवे आले हे मात्र बिचाऱ्या अंपायरने ठरवायचे. आमच्या मैदानावरच्या रविवारच्या सामन्यांत हे काम माझ्याकडे आहे.

नियमांचे पुस्तक याबाबतीत आपल्या बोलीपेक्षा चोखंदळ आहे. आपण ज्याला सरसकट ‘अडथळा’ म्हणतो, त्याची तिथे दोन नावे आहेत. बॅटने मारलेला चेंडू अडवायला क्षेत्ररक्षक सरसावला असेल, तर वाट त्याची. धावणाऱ्याने वळसा घालावा. आदळला, तर मनात काही नसले तरी तो बाद, आणि खेळ तिथल्या तिथे थांबतो. हा ‘इंटरफिअरन्स’. उलट, हातात चेंडू नाही, मारलेला चेंडू अडवण्याचाही प्रसंग नाही, आणि तरी क्षेत्ररक्षक वाटेत उभा असेल, तर दोष त्याचा. हे ‘ऑब्स्ट्रक्शन’. इथे अंपायर डावा हात बाजूला पसरतो, पण खेळ चालू देतो. आणि अडवले नसते तर धावणारा जिथवर पोचला असता, तो बेस त्याला देतो. दोन बेसमधले अंतर अवघे ६० फूट. एवढ्या वाटेत हा सारा न्याय क्षणात करायचा असतो.

थोरामोठ्यांनाही हा वाद चुकलेला नाही. सॉफ्टबॉलचे थोरले भावंड म्हणजे बेसबॉल. १९७५ च्या अमेरिकन वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात सिनसिनाटीचा एड आर्मब्रिस्टर आणि बोस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क होम प्लेटपाशी एकमेकांत अडकले. फिस्कची फेक भरकटली. अंपायर लॅरी बार्नेट यांनी अडथळा मानला नाही आणि बोस्टन हरले. २०१३ साली त्याच स्पर्धेच्या तिसऱ्या सामन्यात सेंट लुईसचा अ‍ॅलन क्रेग जमिनीवर पडलेल्या विल मिडलब्रुक्सला अडखळला. मिडलब्रुक्सचा हेतू वाईट नव्हता, पण वाट अडली होती. क्रेगला धाव मिळाली, सामना तिथेच संपला आणि पुन्हा बोस्टनच हरले!

आमचा वाद एवढा मोठा नव्हता, पण मला तो अधिक बोचला. गेल्या हिवाळ्यात चिठ्ठ्या टाकून दोन संघ पाडले होते. दोहोंत मराठी-कानडी मुले सारखीच मिसळलेली. दुसऱ्या बेसवरून निघालेला मराठी मुलगा, जमिनीसरपट आलेला चेंडू घ्यायला वाकलेल्या कानडी शॉर्टस्टॉपवर आदळला. शॉर्टस्टॉपची हनुवटी फुटली. मी धावणाऱ्याला बाद दिले. तेव्हा एक चमत्कार झाला: चिठ्ठ्यांनी पाडलेले संघ मोडले आणि भाषेचे दोन संघ उभे राहिले. ज्याच्या संघाचा फायदा झाला होता तो मराठी खेळाडूसुद्धा मला म्हणाला, ‘अहो, तुम्ही आपले असून असा निर्णय?’

मी त्याला एवढेच विचारले, ‘चेंडू कोण घेत होते?’ त्याने उत्तर दिले नाही. पण ज्याला बाद दिले होते तो मुलगा रुमाल घेऊन शॉर्टस्टॉपपाशी गेला आणि आपल्या सायकलवर बसवून त्याला दवाखान्यात घेऊन गेला. निर्णयावर तो आजही नाराज आहे. तसे असायला हरकत नाही.

तेव्हापासून सामन्याआधी पाच मिनिटे मी हे दोन नियम मराठीत सांगतो आणि एक कानडी मित्र ते कानडीत सांगतो. वाद थांबलेले नाहीत. पण आता आरडाओरड झाली की एखादा तरी विचारतो, ‘चेंडू कोणाकडे होता?’ अंपायर कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. सीमेवरच्या गावात वाट कोणाची हा प्रश्न रोजचाच आहे. निदान मैदानावर तरी त्याचे उत्तर आडनावावरून नव्हे, चेंडूवरून ठरते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.