लॅम्डाराव

लॅम्डारावांची भेट घ्यायची तर आधी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. मुक्काम गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या पाइपात. स्पार्क प्लगपेक्षा जरा थोराड देह, कमरेला २२ नंबरचा पाना आणि मागे चार वायरींची शेंडी. कागदोपत्री नाव ऑक्सिजन सेन्सर. जाणकार ग्रीक अक्षरावरून ‘लॅम्डा’ म्हणतात. राव आपण लावायचं, कारण स्वभाव बिनरावाचा नाही.

काम एकच. इंजिनाने जाळून टाकलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते हुंगायचं आणि वर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवायचं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, सीएनजीला १७ किलोच्याही वर. हा हिशेब चुकला की रावांचं नाक लगेच वर. ऑक्सिजन जास्त उरला तर ०.१ व्होल्टच्या आसपास पुटपुटतात, म्हणजे ‘इंधन कमी पडतंय’. ऑक्सिजन संपला तर ०.९ च्या जवळ आवाज चढवतात, म्हणजे ‘उधळपट्टी चाललीय’. ईसीएम बिचारा त्यांचं ऐकून इंधन वाढवतो, की हे लगेच उलटं बोलतात. कमी करतो, की पुन्हा उलटं. धडधाकट राव असे दिवसभर कुरकुरत असतात. त्यांची कुरकुर थांबली तर समजायचं, काहीतरी बिनसलंय.

घराणं जर्मन. बॉश कंपनीने १९७६ पासून यांची पैदास सुरू केली आणि पहिली नोकरी लागली ती व्होल्वोच्या गाडीत. अंगाखांद्यावर प्लॅटिनमचा मुलामा. तेव्हा मिजास असणारच. पेट्रोलमधल्या शिशाशी हाडवैर. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. देशभरातलं शिसं हटायला फेब्रुवारी २००० उजाडला. सिलिकॉनचंही त्यांना वावडं. पॅकिंगला भलतंच सिलिकॉन थापलं की त्याच्या वाफेने राव हळूहळू आंधळे होतात आणि मेस्त्रीला पत्ताही लागत नाही.

थंडीत तर राव तोंडच उघडत नाहीत. अंग ३०० अंशांच्या वर तापलं, की मग बोलणं. पूर्वीचे एकवायरी राव धुराच्या उबेवर भागवायचे. आताच्यांना पोटात स्वतःचा हीटर लागतो. चारांतल्या दोन वायरी त्या हीटरच्याच. बॉशच्या रिवाजात त्या पांढऱ्या. काळी सिग्नलची, राखाडी त्या सिग्नलच्या अर्थची. पण हे रंग रावांच्या बाजूचे. कपलरच्या पलीकडे, गाडीच्या बाजूला, रंग बदलतात आणि तिथे भल्याभल्यांची फसगत होते.

आता माजिवड्याची गोष्ट. एमएच ०४ ची एक जुनी पिकअप, पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर चालणारी. भिवंडीच्या गोदामांतून माल भरायचा, मानकोली, खारेगाव करत माजिवड्याच्या जंक्शनला यायचं आणि घोडबंदर रोडच्या दुकानांत उतरवायचा, हा तिचा धंदा. गाडीचा चेक लाइट पेटला आणि ॲव्हरेज पडलं. गंमत अशी की गायमुखच्या चढाला गाडी शहाण्यासारखी वागायची आणि माजिवड्याला वीस मिनिटं अडकली की गुरगुरायला लागायची. पेट्रोलचा वास, मध्येच झटके. ड्रायव्हरने पंप बदलून पाहिले, मग सीएनजीवाल्यांना शिव्या घालून पाहिल्या. पार्किंगमधल्या एकाने मोबाइलला जोडायचं यंत्र लावून कोड वाचला, पी ०१३५. “सेन्सर गेला रे.” ड्रायव्हर तडक दुकानात गेला आणि नवा डबा घेऊन गॅरेजला आला.

“मेस्त्री, हा टाकून द्या. संध्याकाळी भाडं आहे.”

“टाकतो ना दादा. पण हा कोड हीटरच्या सर्किटचा आहे. सर्किटात वायरपण येते, फ्यूजपण येतो. बघू तरी दे.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, हा रावांच्या नशिबी नेहमीचा न्याय. तक्रार तेच करतात, म्हणून गुन्हेगारही तेच ठरतात. खरं तर जुन्या पिकअपमध्ये रावांआधी वायरी म्हाताऱ्या होतात. खाली रस्त्याचा चिखल, बाजूला तापलेला पाइप, वर उंदीर. घोडबंदरच्या खड्ड्यांनी क्लिप तुटते, वायर लोंबते, पाइपाला टेकते आणि कवच वितळतं. सिग्नलची वायर अशी बॉडीला लागली तर व्होल्ट शून्य. ईसीएमला वाटतं, राव ‘कमी पडतंय’ म्हणताहेत. तो पेट्रोल ओतत सुटतो. इंजिन तुडुंब, धूर काळा, आणि बदनामी रावांची.

मेस्त्रीने फ्यूज पाहिला, शाबूत होता. कपलर सोडवला, रावांच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला. आठ ओहम. म्हणजे हीटर जिवंत. (सिग्नलच्या वायरीवर मात्र ओहम मोजायला जायचं नाही, राव ते मनाला लावून घेतात आणि कधी कधी कायमचे.) मग चावी ऑन करून गाडीच्या बाजूच्या वायरीवर व्होल्ट पाहिले. पुरे बारा. ड्रायव्हरचा चेहरा उजळला: “बघा, करंट येतोय. सेन्सरच गेलाय.”

मेस्त्री काही बोलला नाही. त्याने दिव्याचा टेस्टर काढला, इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडलेला, आणि त्याच टोकाला लावला. बल्ब लागला तो कसाबसा, तांबूस. मीटरला वीज लागते नखाएवढी, म्हणून मीटर बारा दाखवून मोकळा होतो. हीटरला लागते भरपूर. ती मागितली की खराब जोड हात वर करतो. वायर चाचपत मेस्त्री गिअरबॉक्सपाशी पोचला. तिथे टेपचं जाडजूड बोचकं. टेप कापला तर आत कुणीतरी कधीकाळी नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या तारा, पावसाळ्यांनी हिरव्या पडलेल्या. बोट लावताच हिरवी भुकटी गळली आणि हातात आल्या मोजून चार तारा.

माजिवड्याचं कोडंही तिथेच सुटलं. चढाला इंजिन दमतं, धूर तापतो, राव फुकटच्या उबेवर बोलायला लागतात. जंक्शनला गाडी नुसती आयडलला उभी, धूर कोमट, हीटर बंद. राव गार पडून गप्प. आणि ते गप्प झाले की ईसीएम अंदाजपंचे इंधन सोडतो.

जोड बदलतानाही रावांचा एक नखरा सांभाळावा लागतो. त्यांना तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते, आणि चार वायरींचे बरेच राव ती स्वतःच्या वायरीच्या तारांमधल्या फटीतून ओढतात. अक्षरशः शेंडीतून श्वास. तिथे सोल्डरचा डाग दिला की रस आत झिरपतो आणि श्वास कोंडतो. कपलरमध्ये हौसेने ग्रीस भरली तरी तेच. त्यामुळे रावांच्या शेंडीला डाग नाही, थिंबल दाबायची. इथला जोड गाडीच्या बाजूचा होता, तरी मेस्त्रीने सवयीने थिंबलच दाबली, स्लीव्ह चढवली आणि वायर पाइपापासून लांब नेऊन क्लिपमध्ये बसवली.

रावांचा एक दोषही सांगायला हवा. त्यांना फक्त ऑक्सिजन कळतो, इंधन नव्हे. प्लग मिस मारत असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर येतं, सोबत ऑक्सिजनही. राव तो हुंगून ठासून सांगतात, ‘पेट्रोल कमी आहे’. मागे पेट्रोलचा भपकारा सुटलेला असतो! त्यांच्याआधी पाइपाला भोक असलं तरी तसंच, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि राव फसतात. खोटं बोलत नाहीत, पण समजूत तोकडी आणि आत्मविश्वास दांडगा.

कोड पुसून गाडी चालू केली. स्क्रीनवर आधी ०.४५ ची सरळ रेघ, म्हणजे राव अंग शेकत होते. मिनिटाच्या आत रेघ हलली: ०.२, ०.८, ०.१, ०.७. कुरकुर पूर्ववत.

“झालं,” मेस्त्री म्हणाला. “तो डबा परत करून टाक.”

ड्रायव्हर डबा घेऊन गेला आणि तसाच परत आला. दुकानाच्या काउंटरवर लाल अक्षरांत पाटी होती, ‘इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही’. नवे राव आता डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीच्या कागदाशेजारी बसून घोडबंदर रोड फिरतात, आणि ड्रायव्हर दर महिन्याला मेस्त्रीला विचारतो, “जुना कधी जाईल हो?”